हिनेनी म्हणजे ‘ओ’ की ‘हा बघ मी’?

प्रश्न असा आलाय की बायबलमधल्या अब्राहामाच्या गोष्टीतला ‘हिनेनी’ हा हिब्रू शब्द मराठीत ‘मी इथे आहे’ असा सांगितला तर चालेल का. चालेल, अर्थ चुकत नाही, पण मला तो फार कोरडा वाटतो, कुणी पत्ता विचारला आणि सांगितला असा. मुळात ह्या शब्दात ‘इथे’ नाहीच. ‘हिने’ म्हणजे पाहा, हा बघ, आणि शेवटचा ‘नी’ म्हणजे मी. वापर मात्र आपण हाकेला ‘ओ’ देतो ना, थेट तसा. बायबलमधल्याच शमुवेलाच्या गोष्टीत लहान पोरगं रात्री हाक ऐकतं, ‘हिनेनी’ म्हणतं आणि धावत म्हाताऱ्या एली याजकाकडे जातं, तुम्ही बोलावलंत ना म्हणून. तिथे ‘ओ, आलो!’ अगदी फिट बसतं.

पण अब्राहामाची गोष्ट आहे त्या उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, 22व्या अध्यायात नुसत्या ‘ओ’वर भागत नाही. तिथे हा शब्द तीनदा येतो. पहिल्या वचनात, म्हणजे श्लोकात, देव हाक मारतो, अब्राहाम ‘हिनेनी’ म्हणतो आणि हुकूम येतो की तुझा एकुलता एक, ज्याच्यावर तुझा जीव आहे त्या इसहाकाचा होम कर. अकराव्यात सुरी हातात घेतलेली असताना देवदूत त्याला थांबवायला दोनदा नाव घेऊन हाक मारतो, पुन्हा ‘हिनेनी’. आणि ह्या दोन्हींच्या मधोमध, सातव्यात, हाक मारणारा असतो स्वतः इसहाक. लाकडं पोराच्या अंगावर लादलेली, विस्तव आणि सुरी बापाच्या हातात, दोघंच चाललेत, आणि पोरगं म्हणतं, ‘बाबा’. बाप म्हणतो, ‘हिनेनी, बाळा’. देवाला दिला तोच शब्द, जरासुद्धा कमी नाही! आणि लगेच पोरगं त्यातलाच ‘हिने’ उचलून विचारतं, हा बघ विस्तव, ही लाकडं, पण मेंढरू कुठाय? मला हे वाचताना दर वेळी गलबलून येतं. पुढे तेराव्या वचनात अब्राहाम मान वर करतो तर परत ‘हिने’, हा बघ, झुडपात शिंगं अडकलेला एडका, पोराच्या जागी होमाला.

म्हणून माझं मत, देवाला ‘काय आज्ञा’ आणि मुलाला ‘काय रे’ असं वेगवेगळं भाषांतर करूच नये, वाचायला सहज वाटतं पण त्यात धागाच तुटतो. तिन्ही ठिकाणी ‘हा बघ मी’ ठेवा, मग विस्तव आणि एडका आपोआप त्याला जोडले जातात.

अजून एक बघून ठेवा. बापलेकाच्या ह्या बोलण्याच्या आधी आणि नंतर एकच वाक्य आहे, ‘दोघं बरोबर चालत गेले’. एकोणिसाव्या वचनात अब्राहाम डोंगराखाली थांबवलेल्या चाकरांकडे परततो आणि ते सगळे ‘बरोबर’ बैरशेबा गावाला जातात, शब्द तोच, पण इसहाकाचं नाव तिथे नाही.