आजीच्या गोळ्यांच्या पुड्या

नमस्कार,

तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे आणि इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला ‘ए’ ग्रेड मिळाली होती. “दहावीला चित्रकलेचे ७ वाढीव गुण मिळाले, तेवढं पुरे, आता अभ्यासाला लाग, असं म्हटलं तर दोन दिवस नीट जेवली नाही. चित्रं काढून पोट भरतं का, ते स्पष्ट सांगा,” असं तुम्ही लिहिलंत.

सांगते. पण त्याआधी तुम्ही तक्रार म्हणून जे लिहिलंय, तिथे मी थांबले. अभ्यासाच्या वेळेत ती आजीच्या गोळ्यांच्या पुड्यांवर चित्रं काढत बसते. आजींना वाचता येत नाही. आधी तिने सकाळच्या गोळीवर उगवता सूर्य काढला आणि संध्याकाळच्या गोळीवर मावळता. आजींचा घोळ झाला. मग सगळ्या पुड्या फाडून तिने नव्या केल्या: सकाळी चहाची कपबशी, संध्याकाळी देवापुढची समई, जेवणानंतरच्या गोळीला रिकामं ताट. आता आजी कुणाला न विचारता गोळ्या घेतात.

तिचा हात कसा आहे हे मी पाहिलेलं नाही. पण पुड्या फाडून नव्या केल्या, ते मला फार मोलाचं वाटतं. आजीला कळलं नाही तर दोष चित्राचा, हे तिला कुणी शिकवलेलं नाही. डिझाइनच्या शिक्षणात चार वर्षं बरंचसं हेच घोटून घेतात. वीजबिलावरची शेवटची तारीख पटकन सापडावी, बँकेच्या ॲपमध्ये म्हाताऱ्या माणसाचं बोट चुकीच्या जागी पडू नये, यासाठी कुणीतरी बसून विचार करतं आणि त्याचा पगार घेतं. या कामात पोट भरतं. फक्त स्वतःच्या मनातली चित्रं रंगवून जगायचं असेल, तर सुरुवातीची बरीच वर्षं ओढाताणीची जातात, हेही खरं. तिला यातलं काय हवंय, हे तिलाच विचारा.

सायन्स मध्येच सोडवू नका, पण त्याची भीतीही दाखवू नका. डिझाइनच्या पदवीच्या प्रवेशासाठी आयआयटी मुंबई घेते ती ‘यूसीड’ परीक्षा कुठल्याही शाखेच्या मुलांना देता येते, लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदा. तिच्यात चित्र काढायचा भागही असतो. अहमदाबादच्या ‘एनआयडी’ या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी. आर्किटेक्चर मनात असेल तर मात्र गणित आणि फिजिक्स सोडून चालणार नाही, आणि तो अभ्यासक्रम पाच वर्षांचा.

फी झेपेल का, ही तुमची काळजी रास्त आहे. डिझाइनच्या खासगी कॉलेजांची फी ऐकून घाबरायला होतं. म्हणून ‘उपयोजित कला’ हा शब्द लक्षात ठेवा. जाहिरात, पुस्तकाची मांडणी, अक्षररचना, पॅकेजिंग हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या जे. जे. या कलाशिक्षण संस्थेत (मूळ स्कूल १८५७ सालचं) हे शिकवतात, आणि नागपूर व छत्रपती संभाजीनगरलाही शासकीय कला महाविद्यालयं आहेत. या शासकीय महाविद्यालयांसाठी राज्याची कला सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असतं. इंटरमिजिएट दिलेल्या मुलीला यातलं काही परकं नाही. क्लासला लाखभर रुपये भरण्याची घाई करू नका. यूसीडच्या जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात. रविवारी सकाळी घड्याळ लावून एक सोडवायला द्या, आणि त्या वेळात तिला दुसरं काम सांगू नका.

एक विनंती. सूर्याच्या फाडलेल्या पुड्या घरात कुठे उरल्या असतील तर शोधा. समईच्या पुडीशेजारी त्या एका फाइलला लावून ठेवा, खाली तारीख टाका, आणि आजी नेमक्या कुठे गोंधळल्या ते तिला तिच्या शब्दांत लिहायला सांगा. पुढे मुलाखतीत कामाची फाइल मागतात, तेव्हा पहिलं पान हेच असू दे.