'लष्करी न्यायाधीश' म्हणावं का?

प्रश्न असा आहे की ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्यावर मराठीत लेख लिहायचाय, माणूस आधी अमेरिकन यादवी युद्धात अधिकारी आणि नंतर तिथल्या सुप्रीम कोर्टात जज, तर 'लष्करी न्यायाधीश होम्स' चालेल का, आणि नावाआधी कर्नल लावायचं की न्यायमूर्ती.

'लष्करी न्यायाधीश' अजिबात नको. व्याकरणात बसतं हो, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे थेट कोर्ट मार्शल उभं राहतं. 'लष्करी रुग्णालय', 'लष्करी न्यायालय' म्हटलं की ते लष्कराचंच असतं ना, मग लष्करी न्यायाधीश म्हणजे लष्कराचा न्यायाधीश असाच अर्थ लागणार. होम्स होते मॅसॅच्युसेट्सच्या २०व्या पायदळ रेजिमेंटमध्ये, तीनदा जखमी झाले, १८६१ ला बॉल्स ब्लफच्या लढाईत छातीत गोळी, पुढच्या वर्षी अँटिएटमला मानेत, १८६३ मध्ये टाचेला, आणि कायद्याचं शिक्षण तर १८६४ मध्ये सैन्य सोडल्यावर घेतलं. म्हणजे दोन्ही कामं एकापाठोपाठ एक, एकात एक नाही. सरळ 'सैन्यात अधिकारी राहिलेले न्यायमूर्ती' लिहा, चार अक्षरं जास्त गेली तर जाऊ द्यात.

आपल्याकडे घोळ अजून वाढतो तो 'जज ॲडव्होकेट' मुळे. कुणीतरी त्याचं 'न्यायाधीश-वकील' करून टाकतं आणि मग वाचणाऱ्याला वाटतं हाच निकाल देतो. तसं नाहीये, भारतीय सैन्याच्या जनरल कोर्ट मार्शलमध्ये निदान पाच अधिकारी बसतात, निर्णय त्यांचा, जज ॲडव्होकेट फक्त कायदा काय म्हणतो ते सांगतो, त्याला मत नसतं. त्यामुळे तो शब्द आहे तसाच ठेवावा, भाषांतराच्या फंदात पडूच नये.

आता कर्नल की न्यायमूर्ती. 'न्यायमूर्ती कर्नल होम्स' असली जोडगाडी मराठीत कानाला खटकते. गोष्ट जिथे असेल तिथलं बिरुद लावायचं, रणांगणावर कॅप्टन होम्स, १८८२ पासून (तेव्हा ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च कोर्टात गेले) न्यायमूर्ती होम्स. 'न्यायाधीश होम्स' चूक नाही, पण आपण हायकोर्ट-सुप्रीम कोर्टवाल्यांना न्यायमूर्ती म्हणतो आणि जिल्हा कोर्टात न्यायाधीश, तेव्हा १९०२ ते १९३२ सुप्रीम कोर्टात बसलेल्या माणसाला न्यायमूर्तीच शोभतं. गंमत म्हणजे आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांच्या थडग्याच्या दगडावर नावाखाली आधी सैन्यातला हुद्दा आहे आणि जज त्याच्या खाली, पण तो दगड आहे, लेख नाही, तुम्हाला तोच क्रम ठेवायची काही गरज नाही.

त्याच दगडावर 'कॅप्टन आणि ब्रेव्हेट कर्नल' असं आहे. हे 'ब्रेव्हेट' म्हणजे 'मानद' नव्हे बरं का, मानद म्हटलं की आपल्याला क्रिकेटपटूंना मिळणारे हुद्दे आठवतात. ब्रेव्हेट म्हणजे लढाईतल्या कामगिरीबद्दल मिळणारा वरचा हुद्दा, पगार मात्र बहुधा जुन्याच हुद्द्याचा. ब्रेव्हेटच लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा. आणि 'माजी कर्नल' तेवढं टाळा, सैन्यातला हुद्दा निवृत्तीनंतरही नावाला चिकटून असतो म्हणून आपल्याकडे 'कर्नल (निवृत्त)' लिहितात, 'माजी' सैनिकाला लागतं, हुद्द्याला नाही.