वाचकांचे प्रश्न : सुटीवर आलेला सैनिक

प्रश्न : माझे माहेर शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचे. तेथे घरोघरी फौजी माणसे आहेत. माझे काका सुटीवर आले की पारावर बसून पलटणीतील हकिगती रात्री उशिरापर्यंत रंगवून सांगत. नुकतीच मी एरिक मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ वाचली. तिचा तरुण नायक सुटीवर घरी येतो आणि जन्मदात्या आईशीही मोकळेपणाने बोलत नाही. मला हे कृत्रिम वाटले. युद्धाचा परिणाम दाखवण्यासाठी लेखकांना असा मुका नायकच का लागतो?
– एक निवृत्त शिक्षिका, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु या कादंबरीचा नायक, पहिल्या महायुद्धातील जर्मन सैनिक पाउल बॉयमर, गप्प बसतो असे म्हणण्यापेक्षा तो खोटे बोलतो, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. अंथरुणाला खिळलेली आई, तिकडे फार हाल होते का, असे विचारते, तेव्हा तो नाही म्हणतो. इस्पितळात ज्याला त्याने हळूहळू विझताना पाहिले, त्या मित्राच्या आईसमोर तर, तो तत्क्षणी गेला, त्याला काही कळलेही नाही, असे तो शपथेवर सांगतो. प्रवास धरून 17 दिवसांची ही सुटी. रस्त्यावरील ट्रामच्या कर्कश आवाजाने दचकणारा हा विशीतील मुलगा आपल्या जुन्या खोलीत पुस्तकांसमोर बसतो आणि ती पूर्वीसारखी आपल्याशी बोलू लागतील म्हणून वाट पाहतो. ती बोलत नाहीत. तोफांच्या भडिमाराच्या वर्णनांपेक्षा मला हे प्रकरण अधिक भयंकर वाटते.

याचे मूळ पाउलच्या वयात आहे. थोराड सैनिकांच्या मागे बायकामुले, शेती, धंदा असतो आणि युद्ध ही त्यांच्या आयुष्यात मध्येच आलेली आपत्ती असते. शाळेच्या बाकावरून थेट खंदकात गेलेल्या मुलांचे मात्र काहीच उभे राहिलेले नसते, त्यामुळे परतायचे कोठे, हा प्रश्न त्यांच्याचपुरता उरतो, असे रेमार्क पुन्हा पुन्हा सुचवतात. (ते स्वतः 1916 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी, सक्तीच्या भरतीत गेले होते.) याच कादंबरीत डेटरिंग नावाचा शेतकरी फुललेले चेरीचे झाड पाहतो आणि घरच्या ओढीने पलटण सोडून चालू लागतो. तो पकडला जातो हे खरे, पण त्याला ओढणारे काहीतरी तिकडे आहे. आपले काका उसाच्या फडाकडे, गोठ्याकडे, भरल्या घराकडे येत असत. तालमीतून उठून अठराव्या वर्षी बेळगावला भरती झालेल्या पोराला तेच घर तसेच दिसत असेल का, याचा विचार करावा.

रंगवून सांगण्याबद्दलही थोडे लिहितो, अर्थात आपल्या काकांकडे माझा रोख नाही. अमेरिकन लेखक हेमिंग्वे यांच्या ‘सोल्जर्स होम’ या 1925 मधील कथेतील क्रेब्ज हा सैनिक त्याच महायुद्धातून 1919 च्या उन्हाळ्यात गावी परततो, तोवर स्वागताचा भर ओसरलेला असतो आणि गावाने इतक्या भीषण हकिगती ऐकलेल्या असतात की खरे सांगणाऱ्याकडे कोणी कान देत नाही. मग तो इतरांनी पाहिलेले, केलेले प्रसंग स्वतःच्या नावावर सांगू लागतो आणि त्या भरात त्याच्या स्वतःच्या खऱ्या आठवणीही नासतात. पारावरची मैफल आणि पाउलचे मौन यांत आपल्याला वाटते तेवढे अंतर नसावे.

आपल्याकडचे उदाहरण हवे असल्यास चंद्रधर शर्मा गुलेरी यांची ‘उसने कहा था’ ही 1915 मधील हिंदी कथा जरूर वाचावी. तेथील जमादार (फौजेतील कनिष्ठ अधिकारी) लहनासिंह जखमी होऊन ग्लानीत जातो, तेव्हा त्याला अमृतसरच्या बाजारातील लहानपण लख्ख दिसते. जखम देहाला आहे, मन शाबूत आहे. पहिले महायुद्ध चालू असतानाच लिहिलेल्या कथेत हे शक्य होते, असे मला वाटते. मात्र दोन्ही कलाकृतींचा शेवट चकित करण्याइतका सारखा आहे : लहनासिंहाचा मृत्यू वर्तमानपत्रातील यादीच्या एका ओळीत उरतो, आणि पाउल ऑक्टोबर 1918 मध्ये पडतो त्या दिवशीच्या लष्करी वार्तापत्रात पश्चिम आघाडीवर नवे काही नाही, एवढेच लिहिलेले असते.

प्रश्न : लढाई न पाहिलेल्या लेखकाने सैनिकाच्या मनाविषयी लिहिणे योग्य आहे का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, गडहिंग्लज

उत्तर : अमेरिकन यादवी युद्ध 1865 मध्ये संपले आणि स्टीफन क्रेन यांचा जन्म 1871 चा. तरीही त्यांच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’ या 1895 मधील कादंबरीतील हेन्री हा कोवळा शिपाई पटतो, कारण लेखकाने त्याच्या शौर्याऐवजी त्याची लाज धरून ठेवली आहे. हेन्री रणातून पळतो; पळापळीत आपल्याच बाजूचा एक सैनिक त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घालतो. तो पलटणीत परततो, तेव्हा सोबती ती गोळीची जखम समजून मायेने पट्टी बांधतात, आणि हेन्री त्यांना तसे समजू देतो.