पहिल्या बाळंतिणीकडे जाण्याआधी

प्रिय मुली,

नाशिकजवळच्या मखमलाबादला मळ्यातल्या एका घरी तुला पहिलं काम मिळालं, हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर मी कमी बोलले, कारण अशा गोष्टी फोनवर निसटून जातात. म्हणून हे पत्र.

प्रशिक्षणात तू ‘डूला’ हा शब्द शिकलीस. मूळ ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. डेना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात तो बाळंतिणीला सोबत करणाऱ्या बाईसाठी वापरला. हे तुला ठाऊक असावं, पण दारात उभं राहून सांगू नकोस. ‘बाळंतिणीच्या सोबतीला आले आहे, सव्वा महिना येईन’ एवढं पुरे.

आत गेल्यावर आधी बाळाच्या आजीजवळ बस. मी सुरुवातीला इथेच चुकले. एका घरी खोलीची खिडकी पोत्याने बंद केलेली, आत कोळशाची शेगडी, वर ओव्याची धुरी. मी सगळ्यांसमोर आजींना म्हणाले, ‘तुम्ही पोरीचा जीव घ्याल.’ म्हणणं चुकीचं नव्हतं. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, आई आणि बाळ झोपेतच जाऊ शकतात. पण दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘उद्यापासून येऊ नका.’ शेगडी आतच राहिली आणि मी बाहेर. बाराव्या दिवशी त्या मुलीच्या छातीत दुधाची गाठ धरली, ताप भरला, आणि लेप लावण्यात चार दिवस गेले. मी तिथे असते तर पहिल्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं असतं. हे मी अजून विसरलेले नाही.

आता मी आजींना विचारते, तुमच्या वेळी शेक कसा द्यायचे? त्या मनापासून सांगतात. मग म्हणते, शेगडी ओसरीवर पेटवू, फडकं तिथे गरम करून आत आणू. बहुतेक घरांत हे चालतं. टाक्यांवर मात्र शेक नको, पोटावरचे असोत की खालचे.

आजींची बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू यांना नाव ठेवू नकोस. ते प्रेमाने केलेलं असतं आणि अंगी लागतं. हट्ट धरायचा तो दुसऱ्या गोष्टींसाठी. बाळंतिणीचं पाणी तोडू द्यायचं नाही. पहिला चीक पिळून टाकू द्यायचा नाही. बाळाला मध, गुटी चाटवू द्यायची नाही, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. सहा महिने फक्त आईचं दूध, चैत्रातल्या उन्हातही वरचं पाणी नको. दूध पुरतं का, हे रडण्यावरून ठरवू नकोस. पाच दिवसांनंतर दिवसाला सहा-सात दुपटी ओली होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या फडताळात पडून राहतात, तेवढ्या तू रोज विचार.

पहिल्याच आठवड्यात आशाताईला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतल्या ‘आशा’ स्वयंसेविकेला भेट. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. ताई आली की तू मागे सर, तिला मान दे. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला लावली. तिथे नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. घरी जाऊन केलेल्या कामाने इतकं होतं, म्हणून तुला सांगते. मालिश करायला येणाऱ्या मावशींकडूनही शीक. कुठल्या घरात त्यांना पाण्याचा पेला वेगळा देतात, तेही तुला दिसेल. तू त्यांच्या शेजारी बसून त्यांच्याबरोबर चहा घे.

पाचवीच्या रात्री शक्य असेल तर घरी लवकर जाऊ नकोस. पाटा-वरवंट्याची पूजा, सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी, रात्रभर दिवा, माणसांची ये-जा. नेमकी त्याच सुमारास छाती दुधाने दगडासारखी होते आणि मन उगाचच भरून येतं. सगळे बाळाला बघायला येतात आणि ती कोपऱ्यात डोळे पुसते. लोक म्हणतात, ‘अगं, शुभ दिवशी रडू नये.’ तू तिला रडू दे. कोमट फडकं दे, बाळाला पाजायला लाव, पाहुण्यांना ओसरीवर बसव. हे रडणं बहुधा दोन आठवड्यांत ओसरतं. त्यानंतरही झोप उडालेली, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, ‘मी नसते तर बरं’ असं बोलणं, तर तो आजार आहे, तिचा स्वभाव नाही. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतीच्या नंबरवर फोन लावून दे आणि डॉक्टरांकडे सोबत जा. त्या दिवशी तिला एकटी सोडू नकोस.

एक गोष्ट प्रशिक्षणात कुणी सांगितली नसेल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझा सव्वा महिना संपतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ती सासरी जाते. तिथे भाकऱ्या, धुणं, रात्रीचं जागरण, आणि ‘आता बरी झालीस ना’ हे ऐकणं. छाटणीचे किंवा द्राक्षतोडीचे दिवस असले तर मळ्यातही जावं लागतं. मला तरी सगळ्यात जास्त पडझड याच दिवसांत दिसली आहे. सासरी गेल्यावर चौथ्या दिवशी तिला फोन कर, तिच्या आईला नाही, तिलाच. निघण्याआधी नवऱ्याशीही एकदा बोल, तिच्या देखत.

पैसे पहिल्या दिवशीच ठरव. किती दिवस, किती तास, काय करणार, काय नाही, हे कागदावर लिही. ‘घरचीच तू, साडी-चोळी करू’ म्हणतील, तेव्हा नम्रपणे पण स्पष्ट बोल. द्राक्षाचे पैसे आल्यावर देऊ म्हणाले तर मान्य कर, पण महिना लिहून घे. आणि तिथे सगळी भावकी. एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घराच्या ओट्यावर निघालं, तर तिसरं घर दार उघडणार नाही.

तू नर्स नाहीस, पण कधी धावायचं ते तुला कळलंच पाहिजे. तासाभरात पॅड भिजलं, ताप १००.४च्या वर गेला, डोकं फुटतंय आणि नजर अंधुक होतेय, एकच पोटरी सुजून दुखतेय, तर सकाळची वाट बघू नकोस. बाळ पीत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, मिनिटाला साठ किंवा जास्त वेळा श्वास घेतंय, तळहात-तळपाय पिवळे दिसतायत, तरीही तेच. १०८ लाव. सिव्हिल हॉस्पिटल गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीच्या पलीकडे आहे; २०२७च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी रस्ते बंद असतील, तेव्हा गंगेच्या अलीकडचा दवाखाना कोणता, हे घरच्यांशी आधीच ठरवून ठेव.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मला फोन कर. बाळाचं नंतर सांग. ती काय जेवली आणि किती झोपली, ते आधी सांग.

तुझी,
मावशी