बी-2 ची मुदत उलटल्यावर नवऱ्यामार्फत ग्रीन कार्ड : भारतात जाऊन यावं की इथूनच अर्ज करावा?

प्रश्न : मी बी-2 या पर्यटक व्हिसावर अमेरिकेत आले. आय-94 ची, म्हणजे इथे राहण्याच्या मुदतीची, तारीख उलटून चौदा महिने झालेत. आता न्यू जर्सीत एका अमेरिकन नागरिकाशी कोर्टात लग्न केलंय. घरचे म्हणतात, भारतात परत जा आणि मुंबईच्या कॉन्सुलेटमधून रीतसर ये. जावं का? खर्च किती आणि किती महिने लागतील?

उत्तर : नका जाऊ, ताई. तिकीट काढलं असेल तर आजच रद्द करा.

‘रीतसर ये’ म्हणणारे एक काका प्रत्येक मंडळात असतात. आमच्याकडच्या काकांशी याच मुद्द्यावरून माझा वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. ते स्वतः एच-1 या नोकरीच्या व्हिसावर आले, एकही कागद कधी इकडचा तिकडे झाला नाही, त्यामुळे ‘विमानात बस, पाटी कोरी करून ये’ हे त्यांना अगदी सरळ वाटतं. कायदा नेमका उलटा आहे. मुदत संपल्यावर 180 दिवसांपेक्षा जास्त पण वर्षापेक्षा कमी राहून देश सोडला तर 3 वर्षांची बंदी, वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर 10 वर्षांची. ही बंदी जास्त राहिल्यामुळे लागत नाही, देश सोडल्यामुळे लागते. आज तुमच्यावर कुठलीही बंदी नाही. विमान उडालं की 10 वर्षांची लागली, लग्न कितीही खरं असो. मग बीकेसीतल्या कॉन्सुलेटचा ऑफिसर मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काही नाही. आय-601 माफीचा अर्ज करायचा आणि तुमच्याविना नवऱ्याला असाधारण हाल सोसावे लागतील हे सिद्ध करायचं. करमत नाही, जेवणाचे हाल होतात, हे त्यात धरत नाहीत. आजारपण, त्यावर चालू असलेले उपचार, त्याच्यावर अवलंबून असलेले म्हातारे आईवडील, असं काहीतरी कागदोपत्री दाखवावं लागतं. आणि निकाल येईपर्यंत तुम्ही सातासमुद्रापार.

काकांचं दुसरं आवडतं वाक्य : ‘अगं, तुझा व्हिसा दहा वर्षांचा आहे ना!’ व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-94 ठरवतं, आणि ती तारीख उलटून एक दिवस जरी जास्त राहिलात तरी पासपोर्टातला व्हिसा आपोआप रद्द होतो. शिक्का मारायला कोणी येत नाही, म्हणून तो चालू आहे असं वाटतं.

इथूनच अर्ज करता येतो तो दोन गोष्टींमुळे. एक, तुम्ही विमानतळावर तपासणी होऊन आत आलात. दोन, नवरा नागरिक आहे. नागरिकाच्या जोडीदाराला जास्तीचा मुक्काम माफ असतो, परवानगीशिवाय केलेलं कामसुद्धा. नवऱ्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असतं तर ही माफी मिळाली नसती. तो नागरिक होईपर्यंत थांबावं लागलं असतं, आणि जास्तीचे दिवस वाढतच गेले असते. म्हणून त्याचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र किंवा अमेरिकन पासपोर्ट आधी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ‘शपथविधी पुढच्या महिन्यात आहे’ असं असेल तर तो होऊ द्या, मग अर्ज पाठवा.

आता पैसे. नवऱ्याने तुमच्यासाठी भरायचा नात्याचा अर्ज आय-130 कागदावर 675 डॉलर, ऑनलाइन 625. तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज आय-485, त्याचे 1,440. कामाच्या परवान्याचा आय-765 सोबत दिला तर 260, प्रवासाच्या परवान्याचा आय-131 630. सगळं कागदावर एकत्र पाठवलं तर 3,005 डॉलर, डॉक्टर आणि वकील वेगळे. ऑक्टोबर 2025 च्या शेवटापासून चेक आणि मनीऑर्डर घेत नाहीत. कार्ड किंवा बँक खात्यातून वळती करायचा फॉर्म जोडावा लागतो. पाठवण्याच्या दिवशी फी पुन्हा तपासा, चुकीच्या रकमेचं पाकीट तसंच्या तसं परत येतं.

वैद्यकीय तपासणीचा आय-693 डिसेंबर 2024 पासून आय-485 सोबतच द्यावा लागतो. इमिग्रेशन खात्याच्या यादीतल्या डॉक्टरकडूनच घ्या, सीलबंद पाकिटात, आणि ते पाकीट उघडू नका. आपण सगळे लहानपणी बीसीजी घेतलेले, म्हणून क्षयाच्या चाचणीला घाबरतो. पण ती रक्ताची असते, बीसीजीमुळे बिघडत नाही. पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतात, एवढंच.

उत्पन्नासाठी आय-864, म्हणजे नवऱ्याचं जामीनपत्र. नवऱ्याचं उत्पन्न गरिबी रेषेच्या 125 टक्के हवं. 2025 च्या आकड्यांनुसार दोघांच्या कुटुंबाला ते 26,437 डॉलर होतं. कमी पडलं तर इथे राहणारा कोणीही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहजामीन राहू शकतो. मात्र ती सही कायद्याने बांधून घालते आणि घटस्फोटानेही सुटत नाही, हे त्या भल्या माणसाला आधी सांगा.

मी अशा फाइली लावायचं काम करते, आणि त्या अडतात त्या चौदा महिन्यांवर क्वचितच. अडतात आपल्याकडच्या कागदांवर. जुन्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत नाव नसतं, नुसतं ‘मुलगी’ आणि वडिलांचं नाव. त्याच निबंधकाकडून नाव चढवून नवा दाखला घ्या. नोंदच नसेल तर तसा अनुपलब्धतेचा दाखला, जन्माची माहिती असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं आणि शाळा सोडल्याचा दाखला. मराठी कागदाचं भाषांतर दोन्ही भाषा येणाऱ्या कोणीही करावं आणि ते पूर्ण व अचूक असल्याचं लिहून सही करावी. नोटरी लागत नाही, त्यासाठी पैसे घेणाऱ्याला नमस्कार करा. पहिलं लग्न मोडलं असेल तर कोर्टाचा हुकूमनामा हवाच. स्टँप पेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत घेऊन आलेलं एक जोडपं मी पाहिलंय. त्यांना गावाकडे वकील लावून कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि नंतर इथे लग्नसुद्धा नव्याने करावं लागलं. आणि नावं! माहेरचं, सासरचं, लग्नात तांदळात लिहून बदललेलं, जी जी वापरलीत ती सगळी ‘इतर नावं’ या रकान्यात भरा.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणजे हळदीचे फोटो नव्हेत. दोघांच्या नावाचा भाडेकरार, ज्यातून किराणा आणि वीजबिल खरोखर जातं असं संयुक्त खातं, आरोग्य विमा, एकत्र भरलेला कर. तुमच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर करविवरणासोबत डब्ल्यू-7 भरून आयटीआयएन, म्हणजे करापुरता नंबर, मागा.

फॉर्ममध्ये ‘मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, परवानगीशिवाय काम केलंत का’ असं विचारतील. खरं असेल तर ‘हो’ लिहा. ते माफ आहे, खोटं बोलणं माफ नाही. आणि कुठे नोकरीच्या आय-9 वर ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण केली असेल, तर आधी वकील गाठा. त्याला माफीचा अर्जच नाही.

किती महिने? ते तुमच्या भागातल्या ऑफिसवर आहे, छातीठोक आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कामाचा परवाना सहसा आधी येतो. मंजुरीच्या दिवशी लग्नाला 2 वर्षं झालेली नसतील तर कार्ड 2 वर्षांचंच मिळतं, आणि ते संपण्याआधीच्या 90 दिवसांत कार्ड कायम करून घेण्याचा आय-751 भरावा लागतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचं सगळं स्वच्छ फाइलचं आहे. कधी अटक झाली असेल, इमिग्रेशन कोर्टाची तारीख चुकली असेल, किंवा आल्यावर थोड्याच दिवसांत लग्न केलं असेल (व्हिसा घेताना हेतू वेगळाच होता का, हा प्रश्न निघतो), तर स्वतः फॉर्म भरू नका. अर्ज प्रलंबित असणं म्हणजे संरक्षण नव्हे. फेब्रुवारी 2025 पासून अर्ज नाकारला की थेट इमिग्रेशन कोर्टाची नोटीस देण्याचं धोरण आहे, आणि 2025 च्या अखेरीस सॅन दिएगोत तर मुलाखतीलाच आलेल्या जोडीदारांना अटक झाली. म्हणून मुलाखतीला वकील सोबत न्या, आणि त्याचा नंबर नवऱ्याच्या खिशात कागदावर लिहिलेला असू द्या.

आणि हे वाचणाऱ्या गोवा-रत्नागिरीच्या मंडळींसाठी : जहाजावरून सी-1/डी या खलाशांच्या व्हिसावर उतरलेल्या खलाशाला यातलं काहीच लागू नाही. बायको नागरिक असली तरी त्याला इथून आय-485 भरता येत नाही. त्याला व्हिसासाठी बाहेर जावंच लागतं, पण आधी आय-130 आणि मग बंदीच्या आगाऊ माफीचा आय-601ए इथे बसून मंजूर करून घेतल्यावरच.