टाइमशेअर मेंबरशिप (एकदा पैसे भरून दर वर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहायचा हक्क) विकून देतो म्हणणारे आधी ११,८०० रुपये मागतात. हे खरे असतात की खोटे, कसं ओळखावं?

११,८०० म्हणजे दहा हजार आणि वर अठरा टक्के जीएसटी. भरू नका. उत्तर एवढंच, पण तुम्ही दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत म्हणून पुढचं लिहिते.

मी बँकेत ३१ वर्षं काढली. "ओटीपी कुणाला सांगू नका" हे गिऱ्हाइकांना घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. आणि फसले. धाकटे दीर सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाले, "वहिनी, बँकेत असून? लोभ हो, दुसरं काय!"

तर लोभाचंच सांगते. २००७ साली पेट्रोल पंपावरचं लकी ड्रॉचं कूपन भरलं (ते भाऊजींनीच आणून दिलं होतं, हे ते सोयीने विसरतात). बक्षीस लागलंय, जोडीने या, म्हणून हॉटेलात बोलावलं आणि तीन तास बसवून ठेवलं. दर थोड्या वेळाने कुणीतरी मेंबर झालं की टाळ्या. आम्हीही २५ वर्षांची मेंबरशिप गळ्यात घालून बाहेर पडलो, १ लाख ८० हजारांची, हप्त्यांवर. मे महिन्यात बुकिंग एकदाही मिळालं नाही. मेंटेनन्सचं बिल मात्र न चुकता, दर वर्षी थोडं फुगून. २०१८ मध्ये ह्यांची बायपास झाली आणि डोंगरावरची रिसॉर्ट्स संपली. मला पैसे नको होते हो, ते बिल नको होतं.

२०१९ मध्ये फोन आला. मेंबरशिप नंबर, सीझनचा रंग (कुठल्या मोसमात जाता येतं त्याची खूण), उरलेली तेरा वर्षं, त्याला सगळं पाठ. तिथेच विश्वास बसला. खरं तर तिथेच उडायला हवा होता. कुठून तरी यादी फुटली आहे, एवढंच त्यातून कळत होतं.

गुरगावची कुठलीशी कंपनी कर्मचाऱ्यांसाठी घेतेय म्हणे, सव्वातीन लाखांना. रजिस्ट्रेशन ७,५००, जीएसटी धरून ८,८५०. भरले. मग एनओसीचे, म्हणजे ना-हरकत दाखल्याचे, २४,०००. तेही भरले, पहिले बुडू नयेत म्हणून. तिसऱ्या खेपेला म्हणाला, टीडीएसचे ३२,५०० भरा, रिफंडेबल आहेत. आता मात्र माझ्यातली बँकवाली जागी झाली. टीडीएस म्हणजे रक्कम देतानाच कापला जाणारा कर, तो पैसे देणारा कापतो. ज्याला पैसे मिळायचेत त्याच्याकडूनच आगाऊ मागितलेला टीडीएस मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. म्हटलं, "सगळं त्या सव्वातीन लाखांतून कापा, उरलेले पाठवा." तर म्हणे, "मॅडम, सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही."

तुमची कसोटी हीच. त्यालाही हेच सांगून बघा.

नंतर पावती नीट पाहिली. जीएसटी नंबर पंधरा अक्षरी असतो, यावर चौदाच. सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली, आणि छापलेला पत्ता अंधेरीचा! महाराष्ट्राचा कोड २७. खातंही कंपनीचं नव्हे, एका माणसाच्या नावाचं. दोन मिनिटांचं काम होतं, पण ते मी पैसे गेल्यावर केलं. पोलिसांत तक्रार दिली, ३२,८५० गेले ते गेलेच. तेव्हा १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर नव्हता. आता आहे, कुणाचे गेले तर त्याच तासाला लावा. पैसा पुढच्या खात्यांत पांगला की हाती लागणं कठीण.

दोनेक वर्षांनी परत फोन. "ग्राहक न्यायालयात तुमचे पैसे जमा आहेत, कोर्ट फी भरा." जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीच नसते. एकदा फसलेल्याचा नंबर पुढे फिरतो, म्हणून कुणी पैसे भरले असतील तर हाही फोन येणार असं धरून चला.

आता लोभ. मेंबरशिप फुकट घेतो असं कुणी म्हटलं असतं तरी मी त्याच्या हातात ठेवली असती, वर चहा पाजला असता. मी पाघळले ते सव्वातीन लाखांना नाही, "पुढच्या वर्षीपासून मेंटेनन्स बंद" या शब्दांना. ज्याला सुटायचंय त्यालाच हे लोक हेरतात. त्याला लोभी म्हणणं सोपं असतं, विशेषतः कूपन आपण आणलेलं असलं की.

एक राहिलं. आधी भरायची प्रत्येक फी खोटी नसते. मूळ कंपनी ट्रान्सफर फी घेते, पण ती करारात लिहिलेली असते आणि कंपनीच्याच खात्यात जाते. करारावरच्या नंबरला आपण फोन करायचा, विकून देतो म्हणणाऱ्याने दिलेल्या नंबरला नाही. आणि या मेंबरशिपला सेकंडहँड गिऱ्हाईक मुश्किलीने मिळतं, ते आपणहून फोन करत नाही.

भाऊजींचीही तसलीच मेंबरशिप पडून आहे. गेल्या दिवाळीत त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "वहिनी, तुमच्याकडून एनओसीचे किती घेतले होते?" सांगितले. त्यांनी किती भरले ते मी विचारलं नाही.