कॅम्पस पोलिसांच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मिळतं का?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या सरकारी विद्यापीठात एमएस करतो. रात्री लॅबमधून परतताना कॅम्पस पोलिसांनी चोर समजून त्याला बेड्या घातल्या, अर्ध्या तासाने सोडलं. आता ‘पोलिसांशी हुज्जत घातली’ म्हणून विद्यापीठाने त्याच्याकडे खुलासा मागितलाय. या पोलिसांना अंगावर कॅमेरा सक्तीचा आहे का? मी चित्रण मागू शकतो का?
– एक वडील, नाशिक

उत्तर : सक्तीचा आहे. इलिनॉयच्या कायद्यात कॅम्पस पोलीसही येतात आणि १ जानेवारी २०२५पासून तो तिथल्या लहानमोठ्या सगळ्या पोलीस दलांना लागू आहे. फार जुने कॅमेरे सोडले, तर बटण दाबण्याआधीचे किमान ३० सेकंदही त्यात साठले पाहिजेत. हुज्जत कुणी सुरू केली, ते बहुधा तिथेच दिसेल.

अर्ज मात्र तुम्ही नाही, मुलाने करायचा. चित्रणात जो आहे त्याला किंवा त्याच्या वकिलाला ते तिथल्या माहिती अधिकाराखाली मागता येतं. ‘विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेचा कायदा आड येतो’ असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पोलीस विभागाच्या नोंदी त्या कायद्यातून वगळलेल्या आहेत.

घाई करायला हवी. साधं चित्रण ९० दिवसांनी नष्ट होतं. बळाचा वापर, ताब्यात घेणं किंवा तक्रार, यांपैकी काही असेल तर त्यावर खूण होते आणि ते दोन वर्षं राखावं लागतं. पण खूण करणार पोलीसच! म्हणून मुलाने लेखी तक्रार आजच द्यावी, पोच घ्यावी. तक्रार दोन ओळींचीच असू दे : तारीख, वेळ, जागा, ‘चित्रण जपून ठेवा’.

सविस्तर खुलासा चित्रण पाहिल्याशिवाय लिहू नये, मुदत वाढवून मागावी. २०१५मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या एका पोलिसाने सॅम्युअल ड्यूबोस या गाडीचालकाला गोळी घातली. गाडीने आपल्याला फरफटवलं, असं तो सांगत होता. त्याच्याच कॅमेऱ्याने ते खोटं पाडलं. हाच कॅमेरा तुमच्या मुलालाही खोटं पाडू शकतो. घाबरलेल्या माणसाला सगळं नेमकं आठवतंच असं नाही.

पोलीस अहवालाची प्रतही मागा आणि त्यात ‘अटक’ लिहिलीय का, ते इलिनॉयमधल्या वकिलाकडून तपासून घ्या. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटकेबद्दल थेट प्रश्न असतो, गुन्हा शाबीत झालेला नसला तरी.